नवरोबांची पाठ

बाई आणि नवरोबा यांच्यात गेली अकरा वर्षं विस्तव जात नव्हता, आणि याच अकरा वर्षांत रंगभूमीवर यांच्याइतकं गोड जोडपं दुसरं नाही, असं लोक म्हणत होते. नवरोबा हे बाईंचे नवरे नव्हेत. सात नाटकांत बाईंचा नवरा झाल्यामुळे ते नाव त्यांना चिकटलं होतं. बाईंचा खरा नवरा चष्म्याच्या दुकानात बसायचा. "तुमच्या मिस्टरांचं कालचं काम फार छान हं," असं गिऱ्हाइकं त्याच्यादेखत बाईंना सांगायची, तेव्हा तो निमूटपणे त्यांच्या डोळ्यांचा नंबर पुन्हा तपासायचा.

भांडण झालं तेही चष्म्यावरूनच. बाईंचं रडण्याचं मोठं स्वगत चालू असताना मागे उभ्या असलेल्या नवरोबांनी चष्मा काढला, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि सदऱ्याच्या टोकाने तो असा काही पुसला, की अख्खं प्रेक्षागृह बाईंचे अश्रू सोडून ती काच स्वच्छ होते की नाही, तेच बघत बसलं. पडदा पडल्यावर बाई म्हणाल्या, "माझा सीन खाल्लात!" नवरोबा म्हणाले, "मला धुरकट दिसत होतं." संपलं. घरी आल्यावर खऱ्या नवऱ्याने "अगं, त्यांचा नंबर खरंच वाढलाय," अशी तज्ज्ञ साक्ष दिली. मग त्याच्याशीही बाई चार दिवस बोलल्या नाहीत.

तेव्हापासून बाई आणि नवरोबा यांच्यात न ठरवता एक नियम ठरून गेला. रंगमंचावर जे बोललं जातं ते बोलणं धरायचं नाही. मग काय, सगळे हिशेब तिथेच चुकते व्हायचे. संहितेत बाईंना "चहा घेता ना?" एवढंच वाक्य असायचं. बाई म्हणायच्या, "चहा घेता ना? आणि जरा बाजूला सरा, उजेड अडतोय." नवरोबा तितक्याच लाडाने, "तुझ्यामागे उभं राहिल्यावर मला कुठला आलाय उजेड!" प्रेक्षक खूश. त्यांना तो संसार वाटायचा.

यंदा बाईंना चोपन्नावं लागलं. सकाळी नाट्यशाळेत चौदा पोरापोरींना शिकवायचं ("समोरचा बोलत असताना तुम्ही मेलेले असता, मेलेला माणूस चष्मा पुसत नाही," हा पहिला धडा), आठवड्यातून दोनदा जुन्या नाटकात रडायचं, असं वर्ष चाललं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेल्या जागी, सांगितलं तेवढं रडून त्या विटल्या होत्या. दिग्दर्शन मिळावं म्हणून निर्मात्यांच्या मागे लागून लागून शेवटी त्यांनी एक नवं नाटक पदरात पाडून घेतलं.

"बसवा तुम्ही," निर्माते म्हणाले. "पण त्यातल्या म्हाताऱ्याचं काम नवरोबाच करणार. त्यांच्या नावावर लोक येतात. आणि एक सांगून ठेवतो, हे पडलं तर पुन्हा माझ्याकडे दिग्दर्शनाचा विषय काढायचा नाही. मग आहेच तुमचं रडणं, शेवटपर्यंत."

बाई हो म्हणाल्या. नाही म्हणायला तोंड होतं कुणाला?

तालमीची खोली एका गोदामावर होती. पंखा लावला की वाक्यं ऐकू येत नसत, बंद केला की डोकी तापत. जमिनीवर खडूने दारं, खिडक्या आखलेल्या. बाई एका टोकाला खुर्चीत, नवरोबा चार हातांवर, आणि मध्ये रंगमंच-व्यवस्थापक. त्याला आठवड्याभरात सगळे 'पोस्टमन' म्हणू लागले.

"त्यांना सांगा," बाई म्हणाल्या, "तिसऱ्या अंकात मुलीचं पत्र वाचून झालं की लोकांकडे पाठ करून उभं राहायचं. मनात दहा आकडे मोजायचे. हूं की चूं करायचं नाही."

पोस्टमन वळला. "बाई म्हणतायत की..."

"ऐकलं. बहिरा नाही झालो अजून. त्यांना सांगा, पाठ दाखवायला मी काय कपाट आहे? लोक माझं तोंड बघायला येतात."

"त्यांना सांगा, तेच तोंड लोक तीस वर्षं बघतायत. जरा बदल होऊ दे."

पण नवरोबा बधले नाहीत. बाकी सगळं सांगितल्याबरहुकूम करायचे, आणि ती जागा आली की नेमके समोर वळून हनुवटी थरथरवायचे. ती हनुवटी थरथरली की टाळी पडते, हे त्यांना पाठ होतं. इथे मात्र तिच्यामुळे अख्खा प्रसंग खोटा वाटायचा. शुक्रवारी निर्माते तालीम बघून गेले. जाताना जिन्यात म्हणाले, "तिसरा अंक ओल्या लाकडासारखा आहे, बाई. नुसता धूर. रविवारी पहिला प्रयोग आहे, लक्षात आहे ना?"

शनिवारी दुपारी जुन्या नाटकाचा प्रयोग होता. दुसऱ्या अंकात बाई सुई-दोरा घेऊन शिवत बसतात आणि नवरोबा पेपर वाचतात, असा साधा प्रवेश. बाईंनी एकाएकी मान वर केली आणि संहितेत नसलेलं वाक्य टाकलं.

"अहो, सदरा मागून उसवलाय वाटतं. उठा, वळा बघू तिकडे."

नवरोबांच्या डोळ्यांत अंगार पेटला. पण आठशे लोकांसमोर प्रेमळ नवरा बायकोला नाही कसं म्हणणार? उठले. वळले. समोर रंगवलेली भिंत. बाई मागे सुई धरून गप्प. त्यांनी पुढचं वाक्य दिलं तरच नवरोबांना बोलता येणार, आणि वाक्य काही येईना. चार आकड्यांपर्यंत नवरोबांची मान रागाने ताठ होती. सहाव्याला प्रेक्षागृहात कुणीतरी खोकायला लागलं आणि मध्येच थांबलं. आठव्याला नवरोबांचे खांदे जरासे खाली आले. माणूस भांडखोर असला तरी कान नटाचे होते. आठशे माणसं श्वास रोखून आपल्या पाठीकडे बघतायत, हे त्या कानांना कळलं.

"झालं हो," बाई म्हणाल्या. "काही उसवलेलं नाही."

नवरोबा हलले नाहीत. भिंतीकडे बघतच म्हणाले, "नीट बघ. घाई करू नकोस."

प्रयोगानंतर बाई एका दाराने गेल्या, नवरोबा दुसऱ्याने.

रविवारी बाई प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेमागे उभ्या होत्या. तिसरा अंक. नवरोबांनी पत्र वाचलं. वळले. पाठीमागे धरलेल्या हातांनी त्यांनी पत्राची घडी घातली. मग घडीची घडी. दहा झाले, तरी ते वळेनात. पंधरा. विंगेत मुलीचं काम करणारी नटी पिशवी धरून ताटकळली होती. पत्र बोटाएवढं झालं. कुठेतरी एका बाईचा हुंदका फुटला. तेवीस आकडे झाले तेव्हा कुठे नवरोबा वळले. बाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्याच दमात दात-ओठ खाऊन म्हणाल्या, "मेल्याने तिचा प्रवेश खाल्ला!"

टाळ्या थांबल्यावर निर्माते धापा टाकत आले. "पुढचं नाटकही तुम्हीच बसवायचं. नवरोबांसकट."

बाईंनी पोस्टमनला हाक मारली. "त्यांना सांगा, दहा सांगितले होते. तेवीस झाले."

पोस्टमन रंगपटात गेला आणि परत आला. "ते म्हणतायत, पाठीला आकडे कळत नाहीत."

सोमवारी सकाळी नाट्यशाळेत चौदाही पोरंपोरी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पाऊण तास झाला, तेव्हा त्यांतली एक धीट मुलगी न वळता म्हणाली, "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आहे एक माणूस."

"कोण? नाव सांगा ना!"

"नाव घेण्याइतके आमचे संबंध नाहीत," बाई म्हणाल्या. "भिंतीकडे बघा."