नाव न सांगता वाचलेली चिठ्ठी

शाळेच्या मोठ्या मॅडमनी पालकसभेत माईकवर वाचलं, "जिस दिन मम्मी को मोटर का करंट लगा, उस दिन सुबह मैंने उसको बोला था, तू मर जा." आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी माझा मुलगा. त्याच्या पलीकडे माझी नात, सातवीतली, दोन वेण्या घातलेली. मॅडमनी नाव घेतलं नाही. पण निंबोल्याच्या केळीच्या मळ्यात मोटर सुरू करताना माझी सून गेली, हे बुऱ्हाणपुरात कोणाला माहीत नव्हतं? पुढच्या रांगेतल्या बाया एकेक करून मागं वळल्या. आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्या मुलाकडे. एकीनं डोळे पुसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मॅडम म्हणाल्या, बघा, आमच्या मुली किती मोकळ्या झाल्या आहेत. वरून कोणी साहेब आले होते. त्यांनी मोबाईल काढून चिठ्ठीचा फोटो घेतला. माझा मुलगा उठला आणि निघून गेला. आपल्या मुलीनं तिच्या आईला काय म्हटलं होतं, ते त्याला तेव्हाच कळलं. मलाही तेव्हाच.

ही चिठ्ठी तिनं का लिहिली, ते सांगते. त्या शाळेत नवीन विषय आला होता, मनाचा. रोज सकाळी भिंतीवरच्या तक्त्यावर हसरा नाहीतर रडका चेहरा चिकटवायचा. वरांड्यात एक कुलूपबंद पेटी, तिच्यात मनातलं लिहून टाकायचं. मॅडमनी मुलींना सांगितलं होतं की पेटी फक्त मीच उघडते, दुसरं कोणी वाचणार नाही. आणि या मनाच्या विषयाला गुणपत्रिकेत वेगळा रकाना होता. आई गेल्यावरच्या पहिल्या सहामाहीत माझ्या नातीला गणितात ए मिळाला आणि मनात सी. खाली शेरा लिहिला होता, मन मोकळे करत नाही. पोरगी अभ्यासाची. तिला सी सहन होईना. तिला वाटलं, खरं लिहिलं तर ए मिळेल. म्हणून तिनं आपल्याजवळचं सगळ्यात खरं होतं ते लिहिलं.

तिला ए मिळाला. तेही सांगून ठेवते.

सून गेली त्या सकाळी भांडण झालं होतं ते वेणीवरून. सून वेणी घट्ट घालायची, हिला ओढ लागायची. ही म्हणाली, तू मर जा, रिबन घेतली आणि शाळेत गेली. सून मळ्यात गेली. दुपारी फोन आला. पुढचं सारं वर्ष ही पोर ते एक वाक्य घेऊन जगली, आणि आम्ही म्हणायचो, किती समजूतदार आहे, रडत नाही.

सभेनंतर बाप तिच्याशी बोलेना. ताटावर बसायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. तिनं शिवणाची कात्री घेऊन दोन्ही वेण्या कापल्या. जेवण अर्धी भाकरी. पाचव्या दिवशी शाळेतून घरी आलीच नाही. आम्ही नदीवर राजघाटापर्यंत शोधलं, सगळ्या पायऱ्या बघितल्या. शेवटी मळ्यातल्या गड्याचा फोन आला. ती रिक्षा करून निंबोल्याला गेली होती आणि मोटरच्या खोलीसमोर उभी होती. दाराला कुलूप होतं. तेवढ्यानंच वाचली.

मी तिला घरी आणलं, समोर बसवलं. बापालाही बसवलं. मला गोड बोलता येत नाही, कधी आलंही नाही. मी म्हणाले, "तुझा बाप अकरा वर्षांचा होता तवा मी त्याची बॅट चुलीत घातली. त्या एका दिवसात तो मले तीनदा मर म्हणाला. मेले का मी?"

मी मुलाकडे वळले.

"म्हणाला होतास का नाही रे?"

मुलगा खाली बघत म्हणाला, "चारदा."

"तुझ्या मायले मोटरनं मारलं," मी तिला म्हणाले. "वायर सडलेली होती. ती बदलायची कोणाकडून राहिली, ते तुझ्या बापाले विचार."

मुलगा तिथंच रडला. सुनेच्या दहाव्या-तेराव्यालाही तो रडला नव्हता. मग पोरगी रडली. मी उठून भाकरी टाकायला गेले. त्या दिवशी तिनं दोन खाल्ल्या.

पण माझं काम अजून संपलं नव्हतं.

मी चौथी शिकलेली बाई. चाळीस वर्षं या शहरात बाळंतिणींची मालिश केली. पालथी पडलेल्या बाईच्या पाठीवर गरम तेलाचा हात फिरला की ती बोलते. नवऱ्याला सांगत नाही ते सांगते. मी कधी एका घरचं दुसऱ्या घरात नेलं नाही. माझा धंदा तेलावर नाही, त्यावरच चालला. मोठ्या मॅडमच्या पाठीवरही माझा हात फिरलेला आहे, त्या मोठ्या मॅडम नव्हत्या तेव्हा. त्या मला काय म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं.

मी नातीच्या वहीचं पान फाडलं आणि तेच दोन ओळींत लिहिलं. अक्षर वाकडं, पण वाचता येण्यासारखं. चिठ्ठी पेटीत टाकली नाही. पुढच्या महिन्याच्या पालकसभेची वाट बघितली. एकेक दिवस मोजला आणि मला त्यात मजा आली, खोटं कशाला सांगू.

सभेत मॅडम म्हणाल्या, कोणा पालकांना दोन शब्द बोलायचे आहेत का. मी उठले. त्यांनी हसून हात पुढं केला, या मावशी. मी वर चढले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"तुमच्या पेटीसाठी आणली. वाचा."

त्यांनी उघडली. चेहरा पडला. तक्त्यावर असा चेहरा नव्हता.

"मोठ्यानं वाचा, मॅडम," मी म्हणाले. "तेव्हा वाचली तशी."

"मावशी, हे इथं नको."

"का? नाव कुठं लिहिलंय मी?"

"लोक ओळखतील."

माईक चालूच होता. ही तिन्हीचारी वाक्यं शेवटच्या रांगेपर्यंत गेली. मी म्हणाले, "माझ्या नातीलेही ओळखलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडमनी कागद मुठीत चुरगळला आणि हळूच विचारलं, तुम्हाला काय पाहिजे. मी सांगितलं, पेटी उघडा, ज्याची चिठ्ठी त्याला परत द्या. तो रकाना गुणपत्रिकेतून काढा. त्या साहेबांच्या मोबाईलमधला फोटो पुसायला लावा. आणि घरी येऊन माझ्या नातीची माफी मागा, माझी नाही.

मुलांना मनातलं विचारू नये, असं मी म्हणत नाही. विचारावं. मला लहानपणी कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण विचारणाऱ्याला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे, आणि सांगणाऱ्याला नंबर, म्हणजे गुण, द्यायचे नाहीत. मी मालिशच्या बायांना कधी नंबर दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मॅडम मावा जिलबी घेऊन आल्या. नातीसमोर उभ्या राहून माफी मागितली. नात म्हणाली, ठीक है मॅडम, आणि आत गेली. जाताना मॅडमनी मला विचारलं की ही गोष्ट आणखी कोणाला माहीत आहे का. मी म्हणाले, आपल्या दोघींना. काल होती, उद्याही राहील. जिलबी मी गाईला घातली.

पेटी उतरवली. रकाना काढला. आता त्या शाळेत एक तरुण बाई येते, एकेका मुलीला घेऊन चिंचेखाली बसते, काही लिहून घेत नाही. नात म्हणते, ती बरी आहे. मॅडम अजून तिथंच आहेत. बाजारात मी दिसले की रस्ता बदलतात. मला बरं वाटतं. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तो कागद त्यांच्या मुठीतच राहिला, मी परत मागितला नाही. मला पाठ आहे. त्यात काय होतं ते मी इथंही लिहिणार नाही.

मोटरची वायर मुलानं बदलली. नात नववीत आहे, केस खांद्यापर्यंत आलेत, वेणी स्वतः घालते, सैल. सून नाही. मी, माझा मुलगा आणि ती, आम्ही तिघं आहोत.