गच्चीवरून आलेली हाक

आमच्या केबलवाल्यांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कुणी वापरलं नसतं. सगळे त्यांना आलंकाका म्हणत. कारण टीव्हीवरचं चित्र गेलं की ते गच्चीवर चढत, कठड्यावरून खाली वाकत आणि एका हातानं वायर हलवत विचारत, “आलं का?” मग खिडक्याखिडक्यांतून उत्तरं सुटत. “नाही!” “आलं, आलं!” “गेलं!” “आलंय, पण माणसं हिरवी दिसतायत!” ऐन अंतिम सामन्यात चित्र गेलं तर या संवादात चार शिव्याही मिसळत. पण त्या सामन्यातल्या पंचांना आहेत, असं काका धरून चालत.

काका राहायचे आमच्याच इमारतीत, मागच्या बाजूला. दातांत पक्कड, खांद्यावर वायरीचं भेंडोळं आणि खिशात चिकटपट्टी, असा माणूस जिन्यात दिसला की घरात डॉक्टर आल्यासारखा धीर वाटायचा. फरक एवढाच, की डॉक्टर चहा नको म्हणतात.

मग घरोघर इंटरनेट आलं आणि ज्याला जे हवं ते, हवं तेव्हा दिसू लागलं. केबलच्या डब्यांना वेगळीच कामं लागली. आमच्या शेजारच्या बँकवाल्यांनी डब्यावर फुलदाणी ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी डब्याचा उपयोग हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली केला. आमचा डबा माळ्यावर गेला. पण केबल बंद करा, असं काकांना तोंडावर सांगायला कुणी धजेना. ज्या माणसानं आपल्या पोरांची कार्टून कधी चुकू दिली नाहीत, त्याला दारातून ‘आता नको’ कसं म्हणायचं? म्हणून काका महिन्याला येत, आम्ही पैसे देत असू, आणि दोन्ही बाजूंनी हवापाण्याच्या गप्पा होत. टीव्हीचा विषय दोघंही टाळत. आम्ही का टाळतो ते आम्हाला माहीत होतं. काका का टाळतात, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाहेर त्यांचं मत अगदी पक्कं होतं. “तारेशिवाय आलेलं चित्र आणि ओळखीशिवाय आलेला पाहुणा, दोघांचा भरवसा नाही,” असं ते म्हणत. पण त्यांची मुलगी नोकरीला लागली आणि तिनं घरी नवा टीव्ही आणला, इंटरनेटवर चालणारा.

“माझ्या घरात हे चालायचं नाही,” काका म्हणाले.

“बाबा, तू बघू नकोस. मी आणि आई बघतो.”

काका टीव्हीकडे पाठ करून बसले. आता पाठीला डोळे नसले तरी डोक्याला कान असतात. मालिका होती कुठल्याशा बर्फाळ गावातल्या एका फौजदाराची. पहिल्या भागात खून झाला. दुसऱ्या भागात काकांनी मान वळवली. तिसऱ्यात खुर्ची वळवली. चौथ्या भागाच्या शेवटी त्यांनी जोरात सांगितलं, “खुनी तो नव्हे, तो पाववाला आहे!” आणि मग स्वतःच्याच आवाजानं दचकून ते पाणी प्यायला उठले.

त्या दिवसापासून घरात पडदे लावून मालिका सुरू झाल्या. बेल वाजली की टीव्ही बंद, आणि काका वर्तमानपत्रात. “बाहेर कुठं बोलाल तर बघा,” त्यांनी मायलेकींना दम दिला होता. बायको म्हणायची, “अहो, एवढं लपवून तर लोक दारूसुद्धा पीत नाहीत.” पण काकांना सुटेना. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. नको नको म्हणताना पानात वाढत राहणारा यजमान असावा, तसं ते यंत्र. काका सकाळी लाल डोळ्यांनी आणि ओढलेल्या चेहऱ्यानं पैसे घ्यायला फिरत.

अशातच गच्चीच्या गळतीचं काम निघालं. गच्चीवर काकांचं एक यंत्र होतं. सगळ्या इमारतीला चित्र पुरवणारी मुख्य तार त्यातून पुढे जायची. कामगारांच्या पाण्यानं ते भिजू नये म्हणून काकांनी त्याचा प्लग काढला, यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं आणि सगळ्यांना सांगितलं, “काम संपेपर्यंत जरा कळ काढा.” काम संपलं. त्या दिवशी तिकडे फौजदार गोठलेल्या तळ्यावर उभा होता आणि पायाखालचा बर्फ तडकत होता. काका घाईनं घरी गेले आणि प्लग राहिला.

राहिला तो राहिलाच.

मग एका दुपारी काकांच्या घरचं इंटरनेट गेलं. बायको म्हणाली, “अहो, लावा की तुमचं केबल. वायरीतून येतं तेच खरं ना?”

टोमणा गिळून काकांनी डबा लावला. पडदा काळा. त्यांनी डबा बदलला. वायरीचं टोक कापून नवं लावलं. तरी काळा. मग वायर चाचपत ते जिना चढून गच्चीवर गेले. तिथं ती पिशवी होती, लोंबणारा प्लग होता, आणि पिशवीवर कबुतराचं घरटं होतं. घरटं रिकामं होतं. म्हणजे कबुतरानं काड्या जमवल्या, अंडी घातली, पिल्लं मोठी झाली आणि उडूनही गेली, तरी अख्ख्या इमारतीत एकानंही विचारलं नव्हतं, की काका, चित्र का दिसत नाही? आणि एकानंही नाही म्हणजे काकांनी स्वतःसुद्धा नाही.

हे सगळं त्यांनी नंतर जिन्यात बसून मला सांगितलं. म्हणाले, “हलवाई आपल्या दुकानातलं खात नाही, ते मी समजू शकतो. पण दुकानाला आग लागली तरी त्याला वास येऊ नये?”

प्लग तिथंच लावून गुपचूप खाली येता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण मेलेल्या तारेचे पैसे आपण दारोदार उभं राहून हसत घेतले, हे त्यांना गिळवेना. कबूल करायचं आणि मगच जोडायचं, असं ठरवून ते खाली उतरले.

पहिली बेल मुख्याध्यापिका बाईंची.

“बाई, जरा बोलायचं होतं. ते केबलचं...”

“अहो, उत्तम चाललंय!” बाई घाईनं म्हणाल्या. “कालच बातम्या बघितल्या. चित्र कसं, अगदी आरशासारखं!”

जन्मभर मुलांच्या थापा पकडलेल्या बाईंना स्वतःला मात्र थाप मारता येत नव्हती. त्यांचे कान लाल झाले. मागच्या टेबलाखाली काकांना आपला डबा दिसला. काकांचेही कान लाल झाले. दोघांनी एकमेकांच्या कानांकडे न बघता निरोप घेतला.

बँकवाल्यांनी तर दार उघडताच सांगितलं, “काका, तुमच्या केबलला तोड नाही हो!” आणि फुलदाणीसमोर आडवे उभे राहिले.

कबूल करायचं म्हणजे समोरच्याला खोटं पाडायचं. आणि हे लोक खोटं बोलत होते ते त्यांच्यासाठीच. तोंड लपवायला जागा असती तर ते पायऱ्यांखालीच जाऊन बसले असते. ते उतरत उतरत तळमजल्यावर पोचले.

तळमजल्यावर शिंपीमामांची खोली. बायको गेल्यापासून मामा एकटेच. मशीन खिडकीकडे तोंड करून आणि टीव्ही त्यांच्या पाठीशी. त्यांनी चित्र असं कधी बघितलंच नाही, ते टीव्ही ऐकायचे. सासवा-सुना मागे भांडायच्या, मामा पुढे काजं करायचे आणि मध्येच मान न वळवता म्हणायचे, “अगं, तिचं ऐकू नकोस.” आज खोलीत फक्त मशीनची टकटक होती.

“मामा, टीव्ही?” काकांनी दारातूनच विचारलं.

“बंद आहे की. गच्चीचं काम निघालं तेव्हापासून.”

“मग मला सांगितलं का नाही?”

मामांनी पायडल थांबवलं. “कसं सांगणार? तुमचा चेहरा बघितला होता ना मी. डोळे लाल, गाल बसलेले. म्हटलं, धंदा बुडाला बिचाऱ्याचा, घरी रडत असणार. ज्याचं दुकान बंद पडलं त्याला ‘का हो बंद?’ विचारू नये. पैसे न्यायला येत होतात, तेव्हा वाटायचं, गरज असेल म्हणून येतोय, लाजेनं बोलत नाही. म्हणून द्यायचो.”

काका दाराला धरून उभे राहिले. फौजदाराच्या पायी लाल झालेल्या डोळ्यांना या माणसानं दुःख समजून जपलं होतं, आणि स्वतः भिंतींशी बोलत बसला होता.

“मामा, मी रडत नव्हतो हो,” ते कसंबसं म्हणाले. “मी मालिका बघत होतो. ऑनलाइन. तुमची तार मी जोडायची विसरलो.”

मामांनी चष्मा कपाळावर नेला.

“चांगली होती का?”

“काय?”

“मालिका.”

“होती,” काका खाली बघत म्हणाले.

“मग ठीक आहे. मला वाटलं, काही वाईट झालं. जा आता, जोडा. त्या सुनेचं पुढं काय झालं ते कळेना झालंय.”

काका वर धावले. घरटं अलगद उचलून त्यांनी कठड्यावर ठेवलं आणि पिशवी फाडली. हातात प्लग घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, तो लावायच्या आधीच, खाली वाकून त्यांनी हाक दिली, “आलं का?”

“आलं!” मुख्याध्यापिका बाई खिडकीतून ओरडल्या.

“आलं, आलं! एक नंबर!” बँकवाले ओरडले.

“आलं काका!” मीही ओरडलो, माळ्यावरच्या डब्याला स्मरून.

काका प्लग हातात घेऊन तसेच उभे. खालून आम्हाला त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं, आणि ते खाली गेलेलं होतं. मग तळमजल्याच्या खिडकीतून शिंपीमामांची मान बाहेर आली.

“कुठं आलंय? नाही आलं अजून!” मामा खेकसले. “काय करताय वर? झोपलात का?”

खूप वर्षांनी कुणीतरी त्यांच्यावर असं खेकसलं होतं. काकांनी डोळे पुसले आणि प्लग लावायला वाकले.