प्रोफाइल बाबांच्या नंबरावर

शेवटच्या वर्षाला कॉलेजातल्या मॅडमनी फर्मान काढलं: नोकरीच्या साइटवर प्रत्येकीचं प्रोफाइल हवं, त्याला दहा मार्क. तेव्हा माझ्याकडे स्वतःचा नंबर नव्हता. पोरीला वेगळं सिमकार्ड कशाला, असा आमच्या घरचा खाक्या. मी बाबांचा नंबर टाकून मोकळी झाले. दहा मार्कांपायी मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

चुलतभावाने ते ॲप बाबांच्या फोनवरही बसवून दिलं. नंबर त्यांचाच, म्हणून उघडलं ते माझंच प्रोफाइल. बाबांना ते भारी आवडलं. पोरीचा फोटो, शिक्षण, गाव, सगळं एका पानावर! "ह्यो तर बायोडाटाच हाय की," म्हणाले. आणि 'माझ्याविषयी' लिहायच्या जागी, माझ्या इंग्रजी ओळींखाली, त्यांनी स्वतःची भर घातली: उंची पाच फूट तीन, मनमिळाऊ, स्वयंपाकाची आवड. मी दोनदा पुसलं. दोनदा परत आलं. मी एखादा कोर्स केल्याचं टाकलं की आख्खी भावकी तुटून पडायची, 'आमच्या ताईसाहेबांचं हार्दिक अभिनंदन', सोबत गुलाब आणि फटाके. नाक्यावरचा बॅनर परवडला.

नोकरीही बाबांनीच लावली. कशेळीकडच्या आमच्या जागेवर एका कंपनीचं गोडाऊन आहे, आणि आमच्याकडे रीतच आहे, ज्याची जागा त्याच्या घरातलं एक माणूस तिथे लागणार. कंपनीही मुकाट लावून घेते, जागेवाल्याशी वाकडं कोण घेणार? मला केबिन मिळाली, फिरती खुर्ची मिळाली, काम तेवढं मिळालं नाही. बाहेर माल उतरायचा, चुकीच्या रॅकवर चढायचा, मला काचेतून दिसायचं. हेच तर शिकले होते मी! बोलायला गेले की सुपरवायझर म्हणायचा, "मॅडम, आप क्यों तकलीफ लेते हो? चाय मंगवाऊँ?" दिवसाला सहा चहा. पित्त झालं मला. वर लोक म्हणायचे, नशीब काढलंस हो.

अशाच एका रिकाम्या दुपारी मी साइट उघडली. पुण्याच्या एका कंपनीतल्या बाईंचा मेसेज होता. गोडाऊनमधल्या मालाच्या मांडणीवर मी लिहिलेली पोस्ट त्यांनी वाचली होती. त्याच कामासाठी जागा आहे, मुलाखत द्याल का? मी ताडकन उभीच राहिले. माझं लिहिलेलं कुणीतरी वाचलं होतं! मग खाली बघितलं. मेसेज नऊ दिवसांपूर्वीचा, आणि त्याला माझ्या नावाने उत्तरही गेलेलं.

"स.न.वि.वि. आपण मुलीस पसंत केले, आनंद वाटला. परंतु तूर्तास मुलीला एवढ्या लांब देण्याचा विचार नाही. राग नसावा."

आई गं! बाबांनी नोकरीला स्थळासारखा नकार कळवला होता. मी आधी हसले, मग केबिनचं दार लावून रडले. मग तोंड धुतलं आणि मेसेजखालच्या नंबरावर फोन केला. ते उत्तर माझं नाही, वडिलांचं, हे आधी सांगितलं. बाईंनी तासभर खोदून खोदून विचारलं. कुठल्या मालाला कुठला रॅक, गाड्या खोळंबल्या तर काय कराल. मी घडाघडा बोलत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "जागा तुमची. फक्त बुधवारपर्यंत राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र पाठवा, त्याशिवाय आम्हाला घेता येत नाही."

घरी आल्या आल्या मी विचारलं, "बाबा, मला न विचारता नाही कसं कळवलंत?"

"बाय, तुला हितं काय कमी हाय?"

कमी काहीच नव्हतं. ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. "मी जाणार," म्हटलं, तर म्हणाले, "आधी जेव," आणि माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकला. त्यांच्या मायेचा मला इतका संताप आला की ताट तसंच सरकवलं.

बुधवारी सकाळीच मॅनेजरसमोर राजीनामा ठेवला. भला माणूस, दोनदा वाचला. "मॅडम, मेरी नौकरी का भी सोचो," म्हणाला आणि माझ्यादेखत बाबांना फोन लावला, स्पीकरवर. मी म्हणाले, राजीनामा माझा आहे, माझ्याशी बोला. त्याने नुसते हात जोडले. तेवढ्यात बाबांचा आवाज आला, शांत, लाडाचा. "साहेब, पोरी का डोका गरम हुआ है. दो दिन छुट्टी दे दो उसको."

"जी सेठ."

मॅनेजरने माझा राजीनामा उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर दोन दिवसांची रजा लिहिली, खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला.

"मंजूर," म्हणाला.