तोंडवलीचा बँड आणि मधला घाट

कोल्हापूरच्या स्टँडवर मालवणच्या गाडीत चढताना कंडक्टरनं माझ्या हातातल्या काळ्या पेटीकडे बघितलं आणि विचारलं, "काय बाई, शिलाई मशीन नेताय काय?"

"एकॉर्डियन आहे," मी म्हणाले.

"मग पायाजवळच घ्या. वर ठेवली आणि घाटात कुणाच्या डोक्यात पडली, तर नुसतीच वाजायची."

मागची दोन माणसं हसली. मीही हसले. पेटी पायांमध्ये धरून खिडकीशी बसले आणि गाडी रंकाळ्याच्या बाजूनं राधानगरीच्या रस्त्याला लागली. मिरजेहून भल्या पहाटे निघाले होते, त्यामुळे डोळे चुरचुरत होते, पण झोप येत नव्हती. वयाच्या साठीला टेकलेली एक निवृत्त संगीतशिक्षिका बँडमध्ये सामील व्हायला निघाली होती, मग झोप येणार तरी कशी?

एकॉर्डियन माझ्या वडिलांचं. त्यांनीच शिकवलं. पुढे शाळेत नोकरी लागली आणि माझा सगळा जन्म समूहगीतं बसवण्यात आणि पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली वाजवण्यात गेला. बँडमध्ये वाजवावं असं फार वाटायचं. पण मला कुणी बोलावलं नाही, आणि आपण होऊन विचारायचा धीर मला झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात कणकवलीला भाच्याच्या लग्नात आग्रहाखातर मी दोन गाणी वाजवली. तिथे लाउडस्पीकर लावायला आलेला एक माणूस वायर गुंडाळायची सोडून समोर येऊन उभा राहिला. तो दिगू. तोंडवलीचा. त्याचा चार जणांचा बँड होता, किनाऱ्यावर पर्यटकांसाठी आणि लग्नांमधून जुनी गाणी वाजवणारा, आणि त्यांचा एकॉर्डियनवाला बँड सोडून गेला होता. तेव्हापासून दिगूचे फोन येत होते. शनिवार-रविवार यायचं, राहायला त्याचं घर, जेवायला त्याच्या बायकोच्या हातचं.

"जा," आमचे हे म्हणाले. "एकदा जाऊन बघ. नाहीतर जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडशील."

दाजीपूरचं जंगल मागे पडलं आणि फोंडा घाट सुरू झाला. वळणावळणांनी गाडी उतरायला लागली. उन्हाला एकदम दमटपणा आला, आणि खाली दरीत कोकण हिरवंगार पसरलेलं दिसलं. मी पर्समधून आल्याची वडी काढतेय तोच गाडी थांबली. पुढच्या वळणावर फरश्यांनी भरलेला एक ट्रक आडवा झाला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता बंद. क्रेन फोंड्याहून यायची होती.

सगळे खाली उतरून कठड्यावर बसले. मोबाइलला रेंज नव्हती. माझ्या शेजारी नांदगावला जाणारी एक आजीबाई होती. तिनं पिशवीतली केळी काढली, एक मला दिलं आणि पेटीची चौकशी केली. मी सगळं सांगितलं. दर आठवड्याला यायला लागेल, हेही सांगितलं.

"दर आठवड्याक?" तिनं केळं खायचं थांबवलं. "ह्या घाटातसून? घराकडे भांडाण झाला काय गो बाये?"

"नाही हो, भांडण कशाला?"

"मगे?" ती म्हणाली, आणि तिला माझी खरोखर काळजी वाटल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

क्रेन येऊन रस्ता मोकळा व्हायला दुपार टळली. मालवणला पोचले तेव्हा सूर्य बुडायला आला होता. पाठीचा नुसता लाकडी फळा झाला होता. गाडीतून उतरताना गुडघा असा काही कळवळला की मी दांडा धरून तशीच उभी राहिले. दिगू धावत आला. चाळिशीचा, काटकुळा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यानं आधी पेटी घेतली, मग मला हात दिला.

"ताईनू, इलात एकदाचे," एवढंच तो म्हणाला. एरवी फोनवर अखंड बोलणारा हा माणूस गाडी चालवताना गप्पच होता. मला वाटलं, उशीर केला म्हणून रागावला असेल.

तोंडवलीला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी. मधे माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी. दिगूच्या घराच्या पडवीत उभं राहिलं की दोन्हीकडचा वारा लागतो. त्याची बायको रोहिणी हात पुसत बाहेर आली. "बसा. आधी जेवा, मगे गजाली (गप्पा)," असं म्हणून तिनं पानच वाढलं. बांगड्याचं तिखलं होतं, म्हणजे दाट, झणझणीत रश्शातले बांगडे. त्यात तिरफळं (मिऱ्यासारखी दिसणारी, जिभेला झिणझिण्या आणणारी फळं) होती. मी पहिलं तिरफळ चावलं आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. रोहिणी खळखळून हसली. "चावायचा नाय ता. नुसतो वास घेवचो." मग सोलकढीची वाटी माझ्यापुढे सरकवली. त्या जेवणानंतर मी जी झोपले ती लाटांचा आवाजसुद्धा ऐकला नाही.

शनिवारी सकाळी अंगणात सराव झाला. दिगू गिटार वाजवतो आणि गातो. त्याचे दोन चुलतभाऊ बेसवर आणि कीबोर्डवर. ड्रमवर इस्माईलभाई, बंदराकडचे, मासळीच्या व्यापारातले, माझ्याच वयाचे. पहिल्याच गाण्यात मी घाई केली. शाळेत मुलांना ओढत न्यायची सवय, तिथे मीच नेहमी पुढे. मी थांबले आणि माफी मागितली.

"बाईनू, घाबरू नका," इस्माईलभाई म्हणाले. "तुमी खंयय (कुठेही) जावा, मी मागसून येतंय."

आणि ते आले. मी रेंगाळले तर रेंगाळले, मी उसळले तर त्यांचा हात उसळला. आजवर मी इतरांना सांभाळत वाजवलं होतं. मला कुणीतरी सांभाळतंय, हा अनुभव पहिलाच. भात्यात हवा भरली की माझ्याच छातीत भरल्यासारखी वाटत होती.

संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली कार्यक्रम झाला. वाळूत खुर्च्या मांडल्या होत्या. पुण्या-बेळगावकडची कुटुंबं होती, आणि मागे गावातली माणसं उभी. समुद्र लाल होऊन काळा होत गेला. एका गाण्याच्या मधल्या तुकड्यात दिगूनं हात वर करून बाकी सगळ्यांना थांबवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी एकटी वाजवत राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. थांबले तेव्हा क्षणभर फक्त लाट ऐकू आली आणि मग टाळ्या. मी खोटं कशाला बोलू? मला रडू आलं. ऐन पंचविशीत जे मिळायला हवं होतं ते मला त्या वाळूत मिळालं, आणि त्याची चव जराही कमी झालेली नव्हती.

वायरी गुंडाळताना दिगूनं विचारलं, "मगे ताईनू, काय ठरला? पुढच्या शनिवारापासून?"

"उद्या सांगते," मी म्हणाले.

हो म्हणायला काय हरकत होती? माणसं चांगली, वाजवणं चांगलं, घरून मोकळीक. पण सकाळी उठले ती कंबर धरूनच, आणि डोळ्यांपुढे आला तो सोमवारचा परतीचा घाट. मग त्यापुढच्या शुक्रवारचा. मग त्यापुढचा. पावसाळ्यात धुक्यातला. ते घाट मी मनातल्या मनात चढत-उतरत बसले आणि चहा गार झाला.

रविवारी दिगूनं आम्हाला धामापूरला नेलं. डोंगरांच्या कुशीतला जुना तलाव, काठाला भगवतीचं देऊळ, आणि पाण्यात उतरलेल्या पायऱ्या. पाणी इतकं स्थिर की झाडं वर कुठली आणि खाली कुठली ते कळेना. दिगू नारळ आणायला गेला. रोहिणी आणि मी पाण्यात पाय सोडून बसलो.

"एक इचारू?" ती म्हणाली. "तुमका खरा येवचा आसा काय?"

"मला वाजवायचं आहे," मी म्हणाले. आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं. "यायचं नाही."

मी दचकून मागे बघितलं. दिगू अजून दुकानाशीच होता.

"मगे तसाच सांगा त्येंका," ती म्हणाली. "माका सांगलात तसा."

सांगणार होते. परतताना गाडीत दोनदा तोंड उघडलं. पण दिगू भलताच खुशीत होता. एका गावाशी त्यानं गाडी थांबवली. त्याच्या कुळाचं देऊळ तिथे होतं. "कौल लावूया," तो म्हणाला. "देव काय म्हणता बघूया." कौल म्हणजे देवाला विचारायचं. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

हात जोडून आम्ही गाभाऱ्यासमोर उभे राहिलो. म्हाताऱ्या गुरवानं पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. मिरजेची बाय, घाटावरून इलेली, असं काहीसं माझंच वर्णन देवाच्या कानावर जात होतं. उजवी पडली तर? देवानंच हो म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं नाही म्हणणार? गुरवानं पहिली पाकळी चिकटवायला हात उचलला.

"थांबा," मी म्हणाले. देवळात माझा आवाज केवढा तरी मोठा वाटला. "देवाला विचारू नका. मला नाही जमणार. बँड मला फार आवडला, दिगू. काल संध्याकाळसारखी संध्याकाळ मला कधी मिळाली नव्हती. पण एवढं अंतर दर आठवड्याला माझ्यानं होणार नाही. पाठ नाही म्हणते, गुडघे नाही म्हणतात, आणि मीही नाही म्हणते."

गुरवानं एकदा माझ्याकडे आणि एकदा दिगूकडे बघितलं. "मगे देवाक कित्याक तरास?" असं म्हणून त्यानं पाकळ्या ताटलीत ठेवून दिल्या.

दिगू बाहेर जाऊन पिंपळाच्या पारावर बसला. मी त्याच्यामागे गेले. रोहिणी देवळाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"रागावलास?" मी विचारलं.

त्यानं मान हलवली. "ताईनू, खरा सांगू? माका बरा वाटला."

मला वाटलं, माझं मन राखायला बोलतोय. पण त्याचा चेहराच बदलला होता.

"आमचो आदलो वाजवणारो वेंगुर्ल्यासून मोटारसायकलीन येय होतो," तो म्हणाला. "दर प्रोग्रामाक तो येयसर माझो जीव टांगणीर. एकदा येताना वळणार पडलो. पाय मोडलो. हास्पिटलात त्येची बायल माझ्याकडे बघी, पण एक शब्द बोलाक नाय. आता तो बरो आसा, पण वाजवूक येणा नाय. परवा तुमी घाटात अडाकलात, फोन लागा नाय. मी दुपारपासून स्टँडार बसान देवाचा नाव घेय होतंय. तुमका गाडीतसून उतरताना बघलंय आणि मनात म्हटलंय, ह्या दर आठवड्याक माका झेपाचा नाय."

म्हणजे मालवणच्या स्टँडवरून येताना तो रागावलेला नव्हता. घाबरलेला होता.

"मग काल पुढच्या शनिवारचं का विचारलंस?"

"वाजाप आयकलंय ना तुमचा," तो म्हणाला. "माका नको म्हणाक होयना. म्हटला, देवच काय ता सांगांदे."

मागून रोहिणीचं हसू ऐकू आलं. मग दिगू हसला, मग मी. देवळाबाहेर आम्ही तिघं इतके हसलो की गुरव बाहेर डोकावला. अंगावरून ओलं घोंगडं काढून टाकावं तसं मला वाटत होतं.

एकॉर्डियनची गाणी तूर्त बाजूला ठेवायची, असं बँडनं संध्याकाळी ठरवलं. इस्माईलभाई जरा हिरमुसले. "जत्रेक तरी येवा," ते म्हणाले. "वर्साचा एकदा. पावणी म्हणान." ते मी आनंदानं कबूल केलं.

सोमवारी सकाळी रोहिणीनं कोकमं आणि खाजं (गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या) बांधून दिलं. परतीच्या गाडीला घाटात काही झालं नाही. गाडी चढत होती, मागे कोकण धुरकट होत होतं, आणि मी वळणं मोजायची सोडून चक्क बाहेर बघत होते. जाताना ज्याच्याकडे धड बघितलं नव्हतं तो घाट किती देखणा आहे, ते मला तेव्हा कळलं. पुन्हा पुढच्या आठवड्यात बघायचा नव्हता ना!

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "वाईट वाटतंय?" मी जरा विचार केला. थोडं वाटत होतं. ती सुरूखालची संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवत होती, अजूनही आठवते. पण इतकी वर्षं मला कुणी विचारलं नाही, याची जी एक बारीक सल होती, ती मी धुंडाळली तर सापडेना. मला विचारलं होतं. मी जाऊन वाजवलं होतं. आणि नाही मी म्हटलं होतं, माझ्या तोंडानं.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी जेवण झाल्यावर मी उन्हाच्या पट्ट्यात चटई टाकून आडवी झाले. डोळा लागता लागता मनात आलं, निघाले असते तर आत्ता कुठे मालवणच्या स्टँडवर उतरत असते. मी कूस बदलली आणि गाढ झोपले.