थांबा मॅडम

आमच्या चंद्रपूरच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात कुणी फाइल उघडायला लागलं, की शेजारच्या टेबलावरून हमखास आवाज यायचा, "थांबा." म्हणून त्या थांबा मॅडम. ओळ कुठे संपते हे पाहिल्याशिवाय त्या ओळ वाचतच नसत. निवृत्त होऊन त्या नागभीडला गेल्या, तरी फाइल उघडताना माझं बोट अजून क्षणभर अडतं.

आमच्याकडे दारात अनोळखी माणूस आला, की पाण्याचा गडवा पुढे करून आधी विचारतात, कोण्या गावचे? मूळच्या सावली गावच्या आमच्या मॅडम फाइलीलाही तेच विचारत. कारण ओळ संपल्याची खूण प्रत्येक कॉम्प्युटरची वेगळी. कुणी नुसतं 'खाली उतर' म्हणतो, कुणी 'डावीकडे जा आणि खाली उतर' अशी जोडखूण ठेवतो, आणि काही जुने कॉम्प्युटर नुसतंच 'डावीकडे जा' म्हणत. या खुणा डोळ्यांना दिसत नाहीत. मॅडमना त्या दिसत असाव्यात, अशी माझी पक्की समजूत आहे.

एकदा एटापल्लीकडचे एक निवृत्त गुरुजी पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या बायकोने गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली गोंडी गाणी एका जुनाट कॉम्प्युटरवर टाइप केली होती. गाणाऱ्या गेल्या, मग बायकोही गेली. दुसरी प्रत नव्हती. आमच्या पडद्यावर मात्र एकच ओळ आली, तीही आगापिछा नसलेली. फाइल खराब झाली, असं आम्ही सांगून टाकलं. गुरुजी खुर्चीची पाठ धरून नुसते उभे राहिले.

"थांबा. काई गेलं नाई," मॅडम म्हणाल्या. "साऱ्या ओळी एकावर एक बसून आहेत. डावीकडं जा म्हटलं, खाली उतर कोणी म्हटलंच नाई."

मग त्यांनी तिन्ही खुणा ओळखणारा प्रोग्रॅम लिहिला. जोडखूण आली तर शेवट एकच धरायचा, हेही त्या विसरल्या नाहीत. आणि गाणी एकेक करत पडद्यावर उतरू लागली. 

शेवटची ओळ तेवढी गळली होती. गुरुजींची बायको टाइप करताना मध्येच थांबली असावी. त्या ओळीपुढे कुठलीच खूण नव्हती, म्हणून प्रोग्रॅम तिला ओळच मानेना. अर्धवटच आहे, राहू द्या, असं आमचे साहेब म्हणाले.

"काऊन?" मॅडम म्हणाल्या. "लिहिणारी उठून गेली साहेब. ओळ नाई गेली."

त्यांनी तीही आणली. गुरुजींना ते गाणं पाठ होतं. राहिलेले शब्द त्यांनी हळूच गुणगुणले. मॅडमनी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. गुरुजींनी बोटं ठेवली, आणि पुन्हा उचलली.

"तिनं जिथी सोडली, तिथीच राहू द्या बाई."

मॅडमनी मान डोलावली आणि त्या ओळीपुढे काहीही न लावता फाइल जतन केली.