आधीच लिहिलेला ठराव

परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, इथल्या लेखक संघटनेची सभासद होऊ का? त्यांचा खरंच काही उपयोग होतो?" फोनवर सांगून संपणारी गोष्ट नाही, म्हणून तुम्हा तिघा नातवंडांसाठी लिहिते.

सत्तरच्या दशकात मी नागपूरला सीताबर्डीतल्या एका लेखक मंडळाची चिटणीस होते. दर शनिवारी संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर अवघडून बसून आम्ही एकमेकांचं लेखन ऐकायचो. इतकं मन लावून माझं कुणी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

माझी एक मैत्रीण सक्करदऱ्याहून सायकलने यायची. माहेर तिकडे कुहीजवळच्या खेड्यातलं. तिच्या कथांतल्या बायका तिच्यासारख्याच, गावच्या बोलीत बोलायच्या. ती वाचू लागली की हसून पोट दुखायचं. प्रकाशकाने तिचं पुस्तक छापलं, पण तिला न विचारता सगळे संवाद पुस्तकी करून टाकले. मंडळाने त्याला जाब विचारावा, पुढच्या आवृत्तीत आपली भाषा परत यावी, एवढंच तिचं मागणं होतं.

मला कामं आगाऊ उरकायची सवय. आमच्या सभा एकाच तऱ्हेने संपायच्या, म्हणून सभेचं इतिवृत्त मी दुपारीच घरी लिहून ठेवायची. तिचं मागणं सभेपुढे येणार होतं, त्या शनिवारी ती लवकर आली आणि माझी वही चाळू लागली. 'सविस्तर चर्चा झाली. उपसमिती नेमावी असे सर्वानुमते ठरले.'

"काहून वं," ती म्हणाली, "सभा तं अजून भरलीच नाई. मी काय बोलली, ते बी लिवलं काय?"

"अगं, नेहमीची पद्धत आहे ती."

"मंग तूच बोल माह्या वाटचं. मी आयकत बसतो."

ती खरंच गप्प बसली. अध्यक्ष म्हणाले, "प्रकाशक आपलेच आहेत. सत्काराच्या शाली दरवर्षी तेच देतात. जरा सबुरीने घेऊ." मी उठून बोलू शकले असते. बोलले नाही. इतिवृत्तातला एक शब्दही बदलावा लागला नाही.

पुढच्या शनिवारी ती आली नाही, त्यानंतर कधीच नाही. मी तिच्या घरी जायची. ती चहा करायची, तुमच्या आईची चौकशी करायची. लेखनाचा विषय मात्र नाही.

थोरले, सभासद जरूर हो. ऐकणारी माणसं मिळतात, ते थोडं नसतं. पण मंडळ म्हणजे तिथे बसलेली आपणच असतो, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरी आवृत्ती निघालीच नाही. तिचं पुस्तक मी अजून अधूनमधून उघडते. त्यातल्या बायका माझ्यासारख्या बोलतात.