माळढोकावर बसून नव्या पेठेत

सोलापुरात मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या ऊन सोसवेना म्हणून उठून आपल्या पायांनी घरात येतात. मी स्वतः पाहिल्यात. त्या उन्हात सांगोल्याहून माझ्या बहिणीची दहा वर्षांची लेक सुट्टीला आली आणि मला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. मी थापा मारायच्या, तिनं डोळे विस्फारायचे. घरातल्या बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास ठेवणं कधीच सोडलंय. "पाणी आलं" म्हटलं तरी बायको आधी नळ उघडून बघते.

भाचीची लाडकी गोष्ट माळढोकाची. लग्नाच्या आदल्या वर्षी नान्नजच्या माळावर मी वाट चुकलो, तेव्हा त्या पक्ष्यानं मला पाठीवर घेतलं आणि उडत उडत थेट नव्या पेठेत उतरवलं. रिक्षावाल्यांनी "रांगेत या, रांगेत" म्हणून त्याच्याशी भांडण काढलं. शिवाय माळढोकाच्या बायकोनं मला डझनभर अंडी बांधून दिली होती.

एका दुपारी वीज गेली. जवळच्या वाचनालयात इन्व्हर्टरवर पंखा चालतो, म्हणून भाचीला तिथं नेलं. हेतू उदात्त होता: मला झोपायचं होतं. वर्तमानपत्र तोंडावर घेऊन मी असा घोरलो की कपाटांच्या काचा तासभर थरथरत होत्या.

जाग आली तेव्हा भाचीसमोर उंबरठ्याएवढं जाड पक्ष्यांचं पुस्तक होतं आणि ग्रंथपालबाई तिला सांगत होत्या, "पहिल्या पानापासून कशाला शोधतेस? मागून उघड. तिथं सूची असते. 'म' काढ. नावापुढं आकडा आहे ना, तेच पान."

पानं फडफडली. मग आवाज आला.

"मामा! हितं लिवलंय, माळढोक एका येळी एकच अंडं घालतूय. तू बारा कुटनं आनली?"

"साठवली असतील बिचारीनं."

"आन नर पंधरा किलोचा. लग्नाच्या फोटूत तू केवडा हायस, बघितलंय मी."

"शू, हळू बोला," म्हणत बाईच तोंडाला पदर लावून हसत होत्या.

खरं सांगतो, हे शब्द मी सहसा वापरत नाही, पण मी वर्तमानपत्र पुन्हा तोंडावर ओढलं. एवढं एकच गिऱ्हाईक, तेही गेलं! पुढचा आठवडाभर भाची रोज वाचनालयात गेली आणि गोष्ट एकदाही मागितली नाही. मी पायरीवर बसून वाट बघायचो. आत जायची छाती होईना.

सांगोल्याला परतायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्यापुढं वही उघडली.

"मामा, तुजी गोष्ट दुरुस्त केलीया. माळढोक काडला, शहामृग घाटला. त्यो तुला पेलतूय. पन त्याला उडाया येत न्हाय, म्हनून नान्नजपासनं पळत आनलाय."

"अगं, पण नान्नजला शहामृग आला कुठून?"

"त्ये तू बघ की! समदं मीच करू व्हय? आन अंडं एकच ठिवलंय. पन लई थोरलं, फोडाया कुऱ्हाड लागली."

"कुऱ्हाड? हे पुस्तकात आहे?"

"न्हाय," ती पेन्सिलीला टोक काढत म्हणाली. "तेवडी माजी. आता सांग, पयल्यापासनं."